तारणाची किंमत : ख्रिस्ती चित्रनाट्यातील श्रद्धा आणि उद्धार

१

मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'तारण' या शब्दाला एक मध्यवर्ती स्थान आहे. पापाच्या बंधनातून होणारी सुटका, ईश्वराने मानवाला दिलेले अभय, असा त्याचा धर्मशास्त्रीय अर्थ. मात्र मराठीच्या व्यवहारात हाच शब्द सावकाराच्या वहीत आणि बँकेच्या कागदपत्रांतही आढळतो. कर्जापोटी जी वस्तू अडकवून ठेवली जाते तिलाही 'तारण'च म्हणतात. एकाच शब्दात सुटका आणि अडकवणूक, अभय आणि ऋण असे दोन्ही अर्थ नांदावेत हा केवळ भाषिक योगायोग मानला, तरी तो अर्थपूर्ण आहे. कारण पाश्चात्त्य भाषांतील 'रिडेम्प्शन' ही संकल्पना ज्या लॅटिन शब्दापासून आली, त्याचा मूळ अर्थ 'किंमत देऊन परत घेणे' असाच आहे. बंदिवानाला किंवा गुलामाला मोबदला भरून सोडविणे हा त्यातला प्राथमिक व्यवहार होय. मराठी बायबलात याच संदर्भात 'खंडणी' हा शब्द योजिलेला आहे.

हा शब्दविचार येथे करण्याचे कारण असे, की ख्रिस्ती आशयाच्या चित्रपटांविषयी भारतीय भाषांतून लिहिताना 'रिडेम्प्शन'साठी 'मोक्ष' किंवा 'मुक्ती' हे शब्द सर्रास वापरले जातात. हे भाषांतर सोयीचे असले, तरी त्यात तीन गोष्टी निसटतात. मोक्षकल्पनेत जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे अभिप्रेत असते. ख्रिस्ती उद्धारकल्पनेत मात्र एक ऋण असते, ते दुसऱ्या कोणीतरी फेडलेले असते, आणि ते देहाने फेडलेले असते. ऋण, दुसरा आणि देह या तीन घटकांना वगळून ख्रिस्ती चित्रनाट्याचे आकलन होऊ शकत नाही. या चित्रपटांचा इतिहास पाहता असे दिसते, की आरंभीच्या काळात चित्रपटाने उद्धाराचा पुरावा पडद्यावर दाखविण्याचा प्रयत्न केला. पुढे त्यातील सर्वांत गंभीर दिग्दर्शकांनी तो पुरावा मागे घेतला, आणि केवळ किंमत तेवढी दाखविली. पावती दाखविली नाही. श्रद्धेचा प्रश्न या माघारीतून निर्माण होतो.

२

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंचा पहिला सार्वजनिक सशुल्क खेळ झाला. त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा पडद्यावर आली. १८९७ मध्ये बोहेमियातील होर्झित्से या गावच्या 'पॅशन' नाट्याचे चित्रण झाले. १८९८ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या ईडन म्युझेमध्ये ओबरामरगाऊच्या सुप्रसिद्ध नाट्याच्या नावाने जो चित्रपट दाखविण्यात आला, तो प्रत्यक्षात न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर चित्रित केलेला होता. फ्रान्समध्ये पाथे कंपनीसाठी फेर्दिनां झेका आणि ल्युसियँ नोंगे यांनी तयार केलेली चित्रमालिका आणि गोमाँसाठी आलिस गी यांनी १९०६ मध्ये केलेला २५ दृश्यांचा चित्रपट हे या परंपरेचे पुढील टप्पे होत.

या चित्रपटांचा रूपबंध झांकीचा आहे. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असल्यामुळे कार्यकारणाची साखळी जुळविण्याचे बंधन चित्रपटकर्त्यावर नव्हते. प्रत्येक दृश्य स्वतंत्रपणे, एखाद्या धार्मिक चित्राप्रमाणे, समोर उभे राही. देवदूत प्रकट होणे, पाण्यावरून चालणे, थडग्यातून उठणे या घटना दुहेरी प्रकाशनाच्या आणि कॅमेरा थांबवून केलेल्या युक्त्यांच्या साहाय्याने दाखविल्या जात. चमत्काराची कथा आणि चमत्कार करणारे यंत्र यांची ही पहिली भेट होती. तथापि या भेटीत एक अंतर्विरोध दडलेला होता. ज्या युक्तीने झेका ख्रिस्ताला पाण्यावरून चालवीत होता, त्याच युक्तीने मेलिएस आपल्या जादूच्या चित्रपटांत माणसांची मुंडकी उडवीत होता. म्हणजे पडद्यावरचा चमत्कार पाहून ईश्वराच्या सामर्थ्याची साक्ष पटते की यंत्राच्या, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर मुंबईत मिळाले. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहत असताना धुंडिराज गोविंद फाळके यांच्या मनःचक्षूंसमोर राम-कृष्णांच्या लीला उभ्या राहिल्या. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकातील लेखमालेत नमूद केलेली आहे. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेचा भाग म्हणून तिचा उल्लेख नेहमीच होतो. परंतु तिचे तौलनिक महत्त्व फारसे लक्षात घेतले जात नाही. फाळक्यांनी त्या चित्रपटातून घेतले ते दैवताचे दृश्यरूप. ऋणाची आणि खंडणीची कथा त्यांनी तेथून उचलली नाही.

ती त्यांच्याकडे होतीच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चे कथासूत्र हे ऋणाचेच सूत्र आहे. विश्वामित्राची दक्षिणा फेडण्यासाठी राजा राज्य देतो, पत्नीला आणि पुत्राला विकतो, अखेर स्वतःलाही विकतो. आणि सत्त्वपरीक्षा पूर्ण होताच मृत पुत्र पुन्हा जिवंत होतो. किंमत, देह आणि पुनरुज्जीवन हे ख्रिस्ती नाट्यातले सर्व घटक येथे उपस्थित आहेत. फरक एवढाच, की हरिश्चंद्र स्वतःचे ऋण स्वतःच फेडतो आणि त्याची परतफेड देव सर्वांसमक्ष मान्य करतो. सत्त्वाला साक्ष मिळते. ख्रिस्ती उद्धारकल्पनेत ऋणको ते ऋण फेडूच शकत नाही. ते त्याच्या वतीने फेडले गेले आहे, यावर त्याला केवळ विश्वास ठेवावा लागतो. पौराणिक चित्रपटाचा प्रेक्षक दर्शनाने तृप्त होतो; ख्रिस्ती चित्रनाट्याचा प्रेक्षक, ते नाट्य आपल्या आशयाशी प्रामाणिक असेल तर, दर्शनावर थांबू शकत नाही.

३

हॉलिवुडने मात्र दर्शनाचाच मार्ग पत्करला. सेसिल बी. डमिल यांच्या 'द किंग ऑफ किंग्ज' (१९२७) मध्ये ख्रिस्ताचे मुख प्रथम दिसते ते दृष्टी लाभत असलेल्या एका अंध मुलीच्या डोळ्यांतून. प्रेक्षकाला त्या मुलीच्या जागी बसविण्याची ही कल्पना विलक्षण प्रभावी आहे. परंतु तिच्यातच या प्रकारच्या चित्रपटाची मर्यादाही स्पष्ट होते. पाहणे म्हणजेच विश्वास ठेवणे, असे समीकरण येथे गृहीत धरलेले आहे. पुनरुत्थानाचा प्रसंग तर कृष्णधवल चित्रपटात एकाएकी रंगीत होतो. रंग हीच जणू उद्धाराची पावती.

त्यानंतर एकाच वर्षाने, १९२८ मध्ये, कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' प्रदर्शित झाला. चित्रपटाला आधार होता १४३१ सालच्या न्यायचौकशीच्या नोंदींचा. जोनला संतपद मिळून तेव्हा आठच वर्षे झाली होती. म्हणजे विजयी संताची भव्य गाथा रचण्याची सर्व सोय होती. ड्रायर यांनी ती नाकारली. तिच्या लढाया नाहीत, तिला ऐकू येणारे आवाज नाहीत, आकाशातून उतरणारी आकृती नाही. आहेत ते केवळ चेहरे : न्यायाधीशांचे सुरकुतलेले, रंगभूषेविना टिपलेले चेहरे आणि फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीचा अश्रूंनी भिजलेला चेहरा. न्यायाधीश तिच्याकडे सातत्याने पुरावा मागतात. देवदूत कसा दिसत होता, त्याने काय परिधान केले होते, असे ते विचारतात. डमिल यांनी ज्या प्रश्नांची उत्तरे पडद्यावर रंगवून दिली असती, तेच प्रश्न ड्रायर यांच्या चित्रपटात छळ करणाऱ्यांच्या तोंडी आहेत. दृश्य पुराव्याचा आग्रह हा येथे श्रद्धेच्या बाजूचा नसून सत्तेच्या बाजूचा आहे.

जोन भीतीपोटी कबुलीजबाबावर सही करते आणि तिचे प्राण वाचतात. नंतर कोठडीत तिचे केस कापले जात असताना, सैनिकांनी थट्टेने तिच्या डोक्यावर ठेवलेला गवताचा मुकुट कापलेल्या केसांबरोबर झाडून टाकला जातो. ते दृश्य ती पाहते आणि सही मागे घेते. निर्णयाचा क्षण हा, आणि त्याला साक्ष कशाची, तर केरात चाललेल्या गवताची. येथून ख्रिस्ती चित्रनाट्याचा दुसरा प्रवाह सुरू होतो. त्यात कृपा आकाशातून उतरत नाही. ती क्षुद्र वस्तूच्या वाटेने येते आणि पाहणाऱ्याला ती ओळखावी लागते.

४

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये या प्रवाहाला सैद्धान्तिक भूमी लाभली. रॉबेर ब्रेसाँ यांचा 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' (१९५१) हा चित्रपट जॉर्ज बेर्नानोस यांच्या १९३६ च्या कादंबरीवर आधारित आहे. या कादंबरीची एक पटकथा आधी तयार झाली होती. ती बेर्नानोस यांनी नाकारली. पुढे १९५४ मध्ये फ्रान्स्वा त्र्युफो यांनी आपल्या गाजलेल्या लेखात या नाकारलेल्या पटकथेचे उदाहरण घेऊन फ्रेंच चित्रपटांतील रूढ रूपांतरपद्धतीवर हल्ला चढविला. जे दाखविता येत नाही त्याऐवजी दाखविता येण्याजोगे 'समतुल्य' दृश्य योजावे, ही ती पद्धत. ब्रेसाँ यांनी समतुल्ये शोधली नाहीत. त्यांनी डायरीच पडद्यावर आणली : लिहिणारा हात, शाईचे डाग, आणि लिहिलेले वाचणारा निर्विकार आवाज.

आन्द्रे बाझँ यांनी १९५१ मध्येच 'काहिए द्यु सिनेमा'त लिहिलेल्या लेखात या शैलीचे मर्म उलगडले. चित्रपट जणू मानसशास्त्रीय विश्लेषणाला बगल देऊन थेट आत्म्याच्या नाट्याकडे वळतो, आणि त्यासाठी तो बाह्य वास्तवाला अधिकाधिक निष्ठेने चिकटतो, असा बाझँ यांच्या विवेचनाचा रोख आहे. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर केवळ एक क्रूस उरतो आणि धर्मगुरूच्या मृत्यूची वार्ता सांगणारे पत्र ऐकू येते. प्रतिमा जेथे रिकामी होते तेथेच ती परिपूर्ण होते, हे निरीक्षण चित्रपटमीमांसेत मूलभूत ठरले आहे.

मात्र येथे अधिक महत्त्वाचा आहे तो चित्रपटाच्या मध्यावरचा प्रसंग. लहान मुलाच्या मृत्यूमुळे ईश्वराशी वैर धरून बसलेली सरदारपत्नी तरुण धर्मगुरूशी प्रदीर्घ वाद घालते आणि अखेर शरण जाते. मुलाची आठवण जपणारे पदक ती आगीत भिरकावते. धर्मगुरू ते हाताने बाहेर काढतो. म्हणजे तिने देऊ केलेली किंमत तो स्वीकारीत नाही. त्याच रात्री तिचा मृत्यू होतो आणि धर्मगुरूने तिचा छळ केल्याची कुजबुज गावात सुरू होते. तिला शांती लाभल्याचे सांगणारे पत्र त्याच्याजवळ असते. ते दाखविले तर तो निर्दोष ठरेल. तो ते दाखवीत नाही.

या न दाखविलेल्या पत्रात ख्रिस्ती चित्रनाट्याचे सारे सौंदर्यशास्त्र सामावलेले आहे, असे म्हणता येईल. उद्धार घडला आहे, त्याचा लेखी पुरावाही आहे. परंतु तो पुरावा म्हणून वापरला, की कृपेचे रूपांतर स्वतःच्या बचावाच्या साधनात होते. प्रेक्षकाला पत्राची माहिती असते, गावाला नसते. श्रद्धेचे एकाकीपण प्रेक्षकाच्या वाट्याला येते ते असे.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. पुरावा मागे घेणे हेच जर या प्रवाहाचे लक्षण असेल, तर ड्रायर यांच्या 'ऑर्डेट' (१९५५) या चित्रपटाचे काय? तेथे तर मृत स्त्री शवपेटीतून उठते, आणि तेही सर्वांदेखत.

'ऑर्डेट' म्हणजे 'शब्द'. मूळ नाटक काय मुंक या ल्युथरन धर्मोपदेशकाचे. नाझी राजवटीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या मुंक यांची जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने हत्या केली. नाटकाची पार्श्वभूमी पश्चिम युटलंडमधल्या शेतकरी समाजाची आहे. तेथे ग्रुंट्विगच्या आनंदवादी परंपरेतला म्हातारा बोर्गेन आणि पापाच्या जाणिवेवर भर देणाऱ्या कडव्या पंथातला शिंपी पेटर यांचे हाडवैर आहे. बोर्गेनचा थोरला मुलगा मिकेल नास्तिक. मधला योहानेस स्वतःलाच ख्रिस्त समजणारा वेडा. धाकटा आन्डर्स शिंप्याच्या मुलीच्या प्रेमात. मिकेलची पत्नी इंगर ही या घराला एकत्र धरून ठेवणारी. ती बाळंतपणात मरते.

अखेरच्या प्रसंगात म्हातारा बोर्गेन मुलाचे सांत्वन करतो, की तिचा आत्मा ईश्वरापाशी आहे. त्यावर मिकेलचे उत्तर असे, की मी तिच्या देहावरही प्रेम केले होते. हे उत्तर नास्तिकाचे आहे. पण धर्मशास्त्राच्या दृष्टीने तेच अधिक ख्रिस्ती आहे. कारण ख्रिस्ती श्रद्धेचे वचन आत्म्याच्या अमरत्वापुरते नाही. ते देहाच्या पुनरुत्थानाचे आहे. ज्याला 'मोक्ष' म्हणता येणार नाही ते नेमके हेच. वेड उतरलेला योहानेस त्या श्रद्धावंतांच्या मेळाव्याला विचारतो, की तुमच्यापैकी कोणीच ईश्वराकडे तिला परत का मागितले नाही? मागते ती फक्त इंगरची लहान मुलगी, तिची खात्री असते म्हणून.

आणि इंगर उठते. परंतु झेकाच्या युक्तीचा येथे मागमूसही नाही. दुहेरी प्रकाशन नाही, प्रकाशाचा झोत नाही, रंग नाही. गुंफलेल्या हातांची हालचाल होते, डोळे उघडतात आणि मिकेलला बिलगलेल्या तिच्या देहाची भूक तिच्या ओठांत दिसते. डमिल यांच्या चित्रपटात पुनरुत्थान झाल्यावर देहाचे रूपांतर तेजात होते; ड्रायर यांच्या चित्रपटात पुनरुत्थान म्हणजे देहाचे पुन्हा देह होणे. शिवाय बाळ परत येत नाही. इंगर त्याच्याविषयी विचारते आणि ते ईश्वरापाशी जिवंत आहे असे मिकेल सांगतो. थोड्याच वेळापूर्वी वडिलांचे जे सांत्वन त्याने नाकारले, तेच आता तो स्वतः उच्चारतो. चमत्कार दिसला असूनही श्रद्धेची गरज संपत नाही. जे परत मिळाले नाही त्याच्यासाठी ती लागतेच. आक्षेपाचे उत्तर या एका संवादात आहे.

६

ब्रेसाँ यांच्या पुढील चित्रपटांतून हा विचार अधिकाधिक कठोर होत गेला. 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) ही लियाँ येथील माँल्युक तुरुंगातून आन्द्रे दव्हिन्यी यांनी १९४३ मध्ये केलेल्या पलायनाची सत्यकथा. चमचा, दोर आणि दार यांच्या सूक्ष्म चित्रणातून तेथे कृपा आणि प्रयत्न यांचा संबंध तपासला जातो. 'ओ हासार बाल्थाझार' (१९६६) मध्ये तर केंद्रस्थानी एक गाढव आहे. ते मालकामागून मालक बदलते, प्रत्येकाच्या दुर्गुणाचे ओझे वाहते आणि शेवटी मेंढ्यांच्या कळपात निमूटपणे मरते. उद्धाराची किंमत भरणारा 'दुसरा' येथे बोलूही शकत नाही.

१९८३ चा 'लार्जाँ', म्हणजे 'पैसा', हा ब्रेसाँ यांचा अखेरचा चित्रपट. त्याला आधार टॉल्स्टॉय यांच्या 'बनावट कूपन' या दीर्घकथेचा आहे. टॉल्स्टॉय यांच्या कथेचे दोन भाग आहेत. पहिल्यात एका बनावट कागदापासून सुरू झालेले पाप हातोहात पसरत खुनापर्यंत पोचते. दुसऱ्यात मारेकऱ्याच्या पश्चात्तापापासून सुरू झालेले पुण्य तसेच हातोहात पसरत जाते. ब्रेसाँ यांनी हा दुसरा भाग गाळला. ५०० फ्रँकची बनावट नोट इव्हाँ या तेलवाहू गाडीवरच्या कामगाराच्या हाती येते. त्याच्यावर खोटा आळ येतो, नोकरी जाते, तुरुंगवास घडतो, मुलगी मरते, पत्नी सोडून जाते. सुटकेनंतर तो खून करतो. त्याला आसरा देणारी, घरादाराचे कष्ट निमूटपणे उपसणारी वृद्धा त्याच्या हातून सहकुटुंब मारली जाते. त्यानंतर तो एका कॅफेत पोलिसांसमोर उभा राहून गुन्हा कबूल करतो. पोलिस त्याला घेऊन जातात. दाराशी जमलेला घोळका मात्र रिकाम्या खोलीकडे पाहतच राहतो.

या चित्रपटात ब्रेसाँ यांची श्रद्धा संपुष्टात आली, असे मत अनेकदा मांडले जाते. टॉल्स्टॉय यांचा दुसरा भाग गाळला हाच त्याचा पुरावा मानला जातो. परंतु पूर्वीच्या चित्रपटांचा क्रम ध्यानात घेतला, तर हा निष्कर्ष घाईचा वाटतो. वृद्धा इव्हाँला ओळखते, त्याने काय केले हे तिला ठाऊक असते, तरी ती त्याला जेवू घालते आणि कुंपणाच्या झुडपांवरून तोडलेली फळे दोघे वाटून खातात. साऱ्या चित्रपटात कशाच्याही मोबदल्यात नसलेले देणे ते एवढेच. ज्या व्यवहारात प्रत्येक हात पैसा पुढे सरकवितो, तेथे हा एक हात फुकट देतो, आणि त्याची किंमत जिवाने मोजतो. इव्हाँची कबुली या मृत्यूनंतर येते. दोहोंचा संबंध चित्रपट सांगत नाही. 'डायरी'तल्या धर्मगुरूप्रमाणे ब्रेसाँ यांनीही पत्र खिशातच ठेवले आहे. रिकाम्या दाराकडे पाहणारा घोळका म्हणजे पुराव्याच्या शोधात असलेला प्रेक्षक.

त्यानंतर चारच वर्षांनी आलेल्या गाब्रिएल आक्सेल यांच्या 'बाबेट्स फीस्ट' (१९८७) या डॅनिश चित्रपटाने पैशाच्या याच रूपकाची दुसरी बाजू मांडली. निर्वासित फ्रेंच स्वयंपाकीण सोडतीत मिळालेले १०,००० फ्रँक एका रात्रीच्या मेजवानीवर खर्च करते, आणि आपापसांतल्या जुन्या भांडणांनी आटलेला युटलंडमधला एक लहानसा धार्मिक समूह त्या जेवणाने पुन्हा जोडला जातो. जेवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची किंमत कळतच नाही. हा चित्रपट पाहताना एका गोष्टीची आठवण ठेवावी : यजमान बहिणींपैकी मार्टिनेची भूमिका करणाऱ्या बिरगिट्टे फेडर्सपील यांनीच तीस वर्षांपूर्वी 'ऑर्डेट'मधली इंगर साकारली होती. मृत्यूतून उठलेला तो देह येथे वृद्धत्वात पोचून जेवणाच्या पंगतीला बसला आहे.

७

या इतिहासाची दिशा चमत्कारांच्या झांकीकडून रिकाम्या दाराकडे जाणारी आहे. पण तिला श्रद्धेच्या ऱ्हासाची दिशा म्हणणे बरोबर होणार नाही. पडद्यावर दाखविलेली गोष्ट पाहून पटण्यास श्रद्धा लागत नाही; डोळे पुरतात. ड्रायर आणि ब्रेसाँ यांनी ती सोय काढून घेतली. चेहरा, गवत, पत्र, फळ, नोट या वस्तू मात्र त्यांनी अत्यंत निष्ठेने दाखविल्या, कारण किंमत नेहमी याच जगातल्या नाण्यात भरली जाते.

म्हणूनच या चित्रपटांचा विचार मराठीत करताना 'मोक्ष' या शब्दाऐवजी 'तारण' या शब्दाकडे परतणे इष्ट ठरेल. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले तेव्हापासून मराठीने ही कल्पना आपल्या शब्दांत पेलण्याचा प्रयत्न केला आहे. सावकाराच्या वहीतून प्रार्थनेच्या पुस्तकापर्यंत पसरलेला 'तारण' हा शब्द सुटकेची आठवण देतानाच ऋणाचीही आठवण देतो. ब्रेसाँ यांच्या अखेरच्या चित्रपटात रिकाम्या दाराशी उभ्या असलेल्या घोळक्याला जे दिसत नाही, ते या शब्दाच्या दोन अर्थांच्या मधोमध आहे.